रोगाचे नाव, मृत्यूचे कारण आणि जव्हार-मोखाड्याची नोंदवही

वैद्यकाच्या इतिहासात रोगजंतूंचा शोध, औषधांचा शोध आणि शस्त्रक्रियेतील प्रगती यांना जे मानाचे स्थान मिळाले आहे, ते रोगांच्या वर्गीकरणाला मिळालेले नाही. वर्गीकरण म्हणजे कारकुनी काम, वैद्याचे निदान झाल्यावर त्यास एखादा अंक चिकटविणे, असाच सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः रोगांची यादी तयार करणाऱ्यास पदोपदी एक प्रश्न सोडवावा लागतो: कारणांच्या साखळीत मागे मागे जात असता कोठे थांबावयाचे? जेथे तो थांबतो तेच 'कारण' म्हणून नोंदले जाते, आणि त्याच्या मागचे सारे नोंदीबाहेर राहते. हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच तो राज्यव्यवहाराचाही आहे.

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्या जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या परिसरात, सूर्यमाळ हे उंचावरचे गाव आहे. भोवतालचा मुलूख वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी यांचा. शेती नागली-वरईची, पावसावरची. पीक निघाले की बिऱ्हाडे पाठीवर घेऊन वीटभट्ट्यांकडे निघावयाचे, ही येथील अनेक कुटुंबांची वर्षानुवर्षांची रीत. अशा गावात घडलेल्या मृत्यूची नोंद जिनिव्हा येथे ठरलेल्या संकेतांकापर्यंत कशी पोहोचते, आणि वाटेत तिच्यातून काय गळून पडते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रथम असे एक उदाहरण घेणे इष्ट होईल की ज्यात दारिद्र्याचा किंवा राज्यकारभाराचा संबंध वरकरणी दिसत नाही. मेरुरज्जूभोवती तीन आवरणे असतात. त्यांपैकी सर्वांत बाहेरचे आणि चिवट असे जे दृढावरण, ज्यास वैद्यकीय व्यवहारात 'ड्यूरा' म्हणतात, ते फाटले तर आतील मस्तिष्क-मेरुद्रव बाहेर झिरपू लागतो आणि रुग्णास, विशेषतः उठून बसताच, असह्य डोकेदुखी होते. या विकाराचे पहिले प्रसिद्ध रुग्ण स्वतः संशोधकच होते. १८९८ च्या ऑगस्ट महिन्यात कील येथील शल्यविशारद ऑगस्ट बीअर यांनी कण्यात कोकेन टोचून शरीराचा खालचा भाग बधिर करण्याची पद्धत प्रथम रुग्णांवर आणि मग स्वतःवर पडताळून पाहिली. सुईला पिचकारी नीट बसेना, द्रव वाहून गेला, प्रयोग अर्धवट सोडावा लागला. मग त्यांनी तीच सुई आपल्या साहाय्यकाच्या कण्यात टोचली आणि तो प्रयोग यशस्वी झाला. पुढे कित्येक दिवस बीअर यांना आडवे पडल्याविना चैन पडत नव्हते. आज शस्त्रक्रियांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेरुबधिरीकरणाचा आरंभ असा दृढावरणाच्या छिद्राने झाला आहे.

शरीररचनेच्या दृष्टीने पाहिले तर छिद्र ते छिद्रच. परंतु वर्गीकरणात तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत मेरुद्रवाच्या गळतीस 'जी ९६.०' हा संकेतांक आहे. तीच गळती कण्यात सुई टोचल्यामुळे झाली असेल तर 'जी ९७.०'. दुखापत बाहेरून झाली असेल तर प्रकरणच बदलते. तेथे दुखापतीचे स्वरूप एका संकेतांकाने आणि तिचे बाह्य कारण दुसऱ्याने सांगावयाचे असते. मोखाड्यातला कोणी मोहाच्या झाडावरून पडून पाठीचा कणा मोडून घेईल, तर त्याच्यासाठीही या यादीत जागा राखलेली आहे: 'डब्ल्यू १४', झाडावरून पडणे. अमेरिकेने आपल्या सुधारित यादीत आणखी बारकावा आणला. १ ऑक्टोबर २००८ पूर्वी तेथे शस्त्रक्रियेच्या वेळी फाटलेले दृढावरण 'शस्त्रक्रियेतील अपघाती छेद' या सर्वसामान्य सदरात जाई. त्या दिवसापासून त्यास ३४९.३१ हा स्वतंत्र अंक मिळाला आणि अन्य कारणांनी फाटलेल्या दृढावरणास ३४९.३९. २०१५ च्या ऑक्टोबरपासून त्यांची जागा अनुक्रमे जी ९७.४१ आणि जी ९६.११ यांनी घेतली. दृढावरण तेच, पण ते शल्यविशारदाच्या हातून फाटले की आणखी कशाने, हे सांगितल्याविना अंक देता येऊ नये, अशी ही तजवीज आहे. जेथे संकेतांकावर रुग्णालयाचे देयक अवलंबून असते आणि 'अपघाती' या एका शब्दावर न्यायालयात वाद होऊ शकतो, तेथे साखळीतली ही मागची कडी नोंदविण्याची निकड कोणालातरी भासली, हे ओघानेच आले. कारणाचा किती खोलवर शोध घ्यावयाचा हे शरीरशास्त्र ठरवीत नाही. ज्यास त्या उत्तराची गरज आहे तो ठरवितो.

या विवेचनाचा पूर्वेतिहास शंभराहून अधिक वर्षे मागे जातो. इंग्लंडमध्ये १८३७ साली मृत्यूंची सार्वत्रिक नोंदणी सुरू झाली आणि तिच्या कोष्टकांचे काम विल्यम फार या वैद्याकडे आले. १८३७ च्या उत्तरार्धातील मृत्यूंचे वर्गीकरण करताना त्याने ६३ मृत्यू 'उपासमार' या सदरात घातले. सुमारे दीड लाख मृत्यूंमध्ये ६३ ही संख्या नगण्य म्हणावी अशी. परंतु गरिबांच्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या मंडळाचे चिटणीस एडविन चॅडविक यांना ती सहन झाली नाही. नवा कायदा अमलात असताना या देशात कोणी अन्नावाचून मरतो, असे सरकारी कोष्टकात छापले जावे याचा अर्थ काय होतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते. त्यांनी फारकडे प्रत्येक मृत्यूचा पुरावा मागितला. फारचे उत्तर आजही मननीय आहे. भुकेने मरणाऱ्यांची संख्या नोंदींवरून दिसते त्याहून पुष्कळ अधिक असते, कारण भूक बहुधा प्रत्यक्ष मारीत नाही. ती निरनिराळे रोग उत्पन्न करून त्यांच्या द्वारा मारते, असा त्याचा आशय होता. याच चॅडविक यांनी १८४२ साली श्रमिकांच्या आरोग्यावरील आपला ख्यातनाम अहवाल प्रसिद्ध केला आणि गटारे, पाणीपुरवठा व घाण यांवर सर्व भर दिला. सार्वजनिक आरोग्याचा राजमार्ग त्या दिशेने गेला. भुकेचा प्रश्न बाजूस राहिला.

पुढील टप्पे थोडक्यात सांगता येतील. १८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या सांख्यिकी परिषदेने सर्व राष्ट्रांना चालेल अशी यादी करण्याचे काम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पीन यांच्यावर सोपविले. दोघांनी दोन वेगळ्या याद्या आणल्या. १८९३ मध्ये पॅरिसचे झाक बर्तियों यांची यादी मान्य झाली. १९०० पासून तिच्या आवृत्त्या निघत गेल्या. १९४८ ची सहावी आवृत्ती मात्र सविस्तर उल्लेखास पात्र आहे, कारण तिच्याबरोबर मृत्यूच्या दाखल्याचा आंतरराष्ट्रीय नमुना आला. या नमुन्याच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात: वरच्या ओळीत निकटचे कारण, तिच्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते, आणि सर्वांत खाली साखळीचा आरंभ करणारा रोग अथवा इजा. या आरंभबिंदूस 'मूळ कारण' म्हणावयाचे आणि कोष्टकात तेवढेच मोजावयाचे. दुसऱ्या भागात मृत्यूस हातभार लावणाऱ्या पण साखळीत न बसणाऱ्या अवस्था लिहावयाच्या. चॅडविक आणि फार यांचा वाद अशा रीतीने एका छापील कागदावर, दोन भागांत, कायमचा मांडला गेला.

मुंबई इलाख्यात मात्र दाखला नव्हता आणि दाखला देणारा वैद्यही नव्हता. खेड्यातील जन्म-मृत्यूची नोंद ग्रामाधिकारी ठेवी. त्यासाठी आखून दिलेली सदरे मोजकी होती: पटकी, देवी, ताप, हगवण-आव, इजा आणि 'इतर सर्व कारणे'; १८९६ नंतर त्यांत प्लेगची भर पडली. इजांच्या सदरात सर्पदंशाला आणि हिंस्र श्वापदांना पोटसदरे होती; भुकेला नव्हते. १८७६-७८ चा आणि पुढे १८९६ ते १९०० या काळातला दुष्काळ इलाख्याने अनुभवला, तेव्हा मृत्युसंख्या फुगली ती ताप, पटकी आणि हगवण या सदरांत. दुष्काळाच्या वर्षांतील आरोग्य अहवाल चाळणाऱ्यास हे ध्यानात ठेवावे लागते की, 'ताप' हे निदान नसून एक प्रकारचे कोठार होते. नोंद करणाऱ्यास जे कळत नसे ते त्यात जाई, आणि जे कळत असूनही लिहिण्यास सदर नसे तेही. स्वातंत्र्योत्तर काळाचाही एक दाखला येथे देण्याजोगा आहे. १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्द वगळून त्याऐवजी 'टंचाई' हा शब्द घालण्याचा कायदा केला. टंचाईत लोक हवालदिल होतात. मरणे हा दुष्काळाचा धर्म.

जव्हार-मोखाड्याच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत होती. आज जोडीने उच्चारली जाणारी ही दोन नावे शतकापूर्वी एका सत्तेखाली नव्हती. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल आणि १९०१ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या ४७,५३८. मोखाडा मात्र इंग्रजी अंमलाखालील ठाणे जिल्ह्यात, शहापूरला जोडलेला पेटा होता. म्हणजे एकाच डोंगरपट्ट्यातील, एकाच जमातीच्या, बहुधा एकमेकांशी सोयरीक असलेल्या दोन पाड्यांचे मृत्यू दोन वेगळ्या राजवटींच्या दप्तरांत जात होते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा ही विभागणी संपली. परंतु १९४८ पूर्वीच्या मृत्यूंची या दोन भागांत तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकाने ही गोष्ट दृष्टिआड करता कामा नये.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ साली झाला आणि त्यान्वये अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या वैद्यावर मृत्यूचे कारण प्रमाणित करण्याचे बंधन आले. पण अखेरच्या आजारात वैद्यच नसेल तर? मग ग्रामसेवकाकडील मृत्यूच्या अहवालात 'कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित आहे काय' या प्रश्नासमोर 'नाही' असे लिहून, खाली नातेवाईक सांगतील ते रोगाचे नाव घालावयाचे. हे केवळ डोंगराळ भागाचे वैगुण्य नव्हे. २०२० साली साऱ्या देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र असलेले मृत्यू २२.५ टक्केच होते. ही उणीव ओळखून १९६० च्या दशकातच प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कर्मचाऱ्यांकडून, घरच्यांना लक्षणे विचारून, मृत्यूचे कारण ठरविण्याची एक नमुना योजना सुरू झाली होती. १९८२ पासून ती ग्रामीण मृत्युकारण सर्वेक्षण म्हणून ओळखली जाऊ लागली आणि १९९९ मध्ये नमुना नोंदणी पद्धतीत विलीन झाली. या पद्धतीचा आधार आईची भाषा हा असे. आई सांगे की मुलाला 'डबा' झाला, त्याच्या बरगड्या उडत होत्या. कर्मचारी न्यूमोनिया लिही. ती सांगे की हगवण लागली. तो अतिसार लिही. मूल जन्मापासून रोडच होते, हे ती क्वचितच सांगे, कारण तो तिच्या लेखी आजार नव्हता. शेजारची मुलेही तशीच होती.

या पार्श्वभूमीवर १९९२-९३ चा प्रसंग पाहावयाचा आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात सव्वाशे बालके दगावल्याच्या वार्तेने महाराष्ट्र हादरला. तोवर मुंबईपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर असलेला हा प्रदेश शहरी वाचकास ठाऊक होता तो वारली चित्रांमुळे. वृत्तपत्रांनी आणि संघटनांनी 'भूकबळी', 'कुपोषणबळी' हे शब्द वापरले. शासकीय बाजू न्यूमोनिया, अतिसार, गोवर अशा आजारांकडे बोट दाखवी. वादाचे हे स्वरूप पुढे मेळघाटात आणि पुन्हा २०१६ मध्ये पालघर जिल्ह्यात जवळजवळ जसेच्या तसे दिसते. चॅडविक आणि फार यांचे संवाद जणू मराठीत पुन्हा म्हटले जात होते. या काळात राज्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले, १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आली. येथे प्रश्न उपाययोजनेचा नसून नोंदीचा आहे.

दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे बोलत होते, हे या वादाचे मर्म आहे. कुपोषण आणि संसर्ग परस्परांना बळ देतात, हे स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी १९५९ मध्येच साधार मांडले होते. पोषणाअभावी क्षीण झालेले मूल गोवराने मरते. गोवर झालेले मूल आणखी क्षीण होते. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच की साखळीचा आरंभ कोठे धरावयाचा. वर्गीकरणात भुकेला जागाच नव्हती, असे मात्र कोणास म्हणता येणार नाही. त्या वेळी प्रचलित असलेल्या नवव्या आवृत्तीत २६० हा अंक क्वाशिओरकोरला, म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकांतील 'सुजवटी'ला, आणि २६१ हा 'सुकटी'ला होता. अन्नाच्या अभावासाठी बाह्य कारणांत स्वतंत्र अंक होता. इतकेच नव्हे, तर दहाव्या आवृत्तीच्या नियमांत एक मोठी सोय आहे. दाखल्याच्या पहिल्या भागात न्यूमोनिया आणि दुसऱ्या भागात कुपोषण असे लिहिलेले असले, तरी न्यूमोनिया हा शरीर झिजविणाऱ्या विकाराचा उघड परिणाम मानून संकेतांक देणाऱ्याने कुपोषण हेच मूळ कारण धरावे, असे तो नियम सांगतो. म्हणजे वैद्याने शब्द चुकीच्या ओळीत लिहिला तरी नियम त्यास सावरून घेतो. अट एकच: तो शब्द कागदावर कोठेतरी असला पाहिजे.

तो का नसे, याची उत्तरे कटकारस्थानात शोधण्याचे कारण नाही. पहिले उत्तर असे की वजनाची नोंद आणि मृत्यूची नोंद या दोन वेगळ्या दप्तरांत होत्या. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनुसार अंगणवाडीत मुलाचे वजन होई आणि १९७२ च्या भारतीय श्रेणींप्रमाणे ते पहिल्या ते चौथ्या श्रेणीत बसविले जाई. वयाच्या मानाने निम्म्याहून कमी वजन म्हणजे चौथी श्रेणी. मूल मेले की ग्रामसेवकाच्या वहीत न्यूमोनिया लिहिला जाई. चौथी श्रेणी एका वहीत, न्यूमोनिया दुसऱ्या वहीत. दोहोंचे विभाग वेगळे, वरिष्ठ वेगळे, आणि दोन्ही नावे एका कागदावर येण्याचा प्रसंगच नाही. दुसरे उत्तर स्थलांतराचे. कायद्यानुसार मृत्यू जेथे घडला तेथे नोंदवावयाचा असतो. सूर्यमाळेसारख्या गावातील कुटुंब भिवंडीकडे वा वसईकडे भट्टीवर असताना मूल गेले, तर ती नोंद व्हावयाची तिकडे. आणि तिकडे त्या कुटुंबाचा ठावठिकाणा कोणत्याच वहीत नसे. तिसरे उत्तर चॅडविक यांनी देऊन ठेवले आहे. 'न्यूमोनिया' लिहिणाऱ्यास कोणी खुलासा विचारीत नाही. 'कुपोषण' लिहिणाऱ्यास विचारतात.

या कोंडीतून एक वाट महाराष्ट्रातच निघाली. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यात घरोघरच्या मृत्यूंची स्वतंत्र नोंद आणि घरच्यांच्या कथनावरून मृत्यूच्या कारणाची पद्धतशीर चौकशी यांचा अवलंब केला. तेथील न्यूमोनियाविषयीचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. २००१ मधील 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवून दिले की शासकीय नोंदीत प्रत्यक्ष बालमृत्यूंचा लहानसाच भाग येतो. तेव्हा कारण चुकीचे लिहिले जाण्याआधी मृत्यूच लिहिला जात नाही, ही वस्तुस्थिती पुढे आली. तथापि, या पद्धतीलाही एक मर्यादा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. १९९५ मध्ये पेलेटिएर यांनी केलेल्या मांडणीनुसार विकसनशील देशांतील निम्म्याहून अधिक बालमृत्यूंत कुपोषणाचा वाटा असतो, आणि त्यांतही बहुसंख्य मुले तीव्र नव्हे तर सौम्य अथवा मध्यम कुपोषित असतात. सुकटी झालेले मूल डोळ्यांना दिसते. सौम्य कुपोषित मूल शेजारच्या मुलांसारखेच दिसते. त्याच्या दाखल्यावर कितीही प्रामाणिक वैद्य 'कुपोषण' लिहील, असे संभवत नाही. फारने म्हटलेली अप्रत्यक्ष भूक ती हीच. वैयक्तिक दाखल्यावर ती कधी येत नाही. समूहाच्या गणितातच ती सापडते.

१ जानेवारी २०२२ पासून अकरावी आवृत्ती अमलात आली आहे आणि तिच्यात दोन संकेतांक जोडून एक संयुक्त निदान लिहिण्याची सोय आहे. ती सोय दृढावरण फाटलेल्या रुग्णास मिळेल, कारण तो शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयात असतो. जव्हार-मोखाड्याच्या अभ्यासकास मात्र जुन्या वह्यांकडेच वळावे लागेल. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्यांना लोक कोतवाल बुक किंवा गाव नमुना चौदा म्हणतात, अलीकडे पुष्कळ हाताळल्या जात आहेत. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची नोंद हवी असते. मोडी वाचणाऱ्यांना त्यामुळे काम मिळाले आहे. त्या पानावर जातीचा रकाना शोधतात, त्याची नक्कल घेतात. मृत्यूच्या कारणाचा रकानाही त्याच पानावर असतो. दुष्काळाच्या वर्षांतील जव्हार आणि मोखाडा यांचे हे रकाने एकत्र लावून पाहणे, आणि १९९२-९३ च्या मृत्यूंच्या नोंदी जेथे उपलब्ध असतील तेथे त्या अंगणवाडीच्या वजनपत्रकांशी नावानिशी जुळविणे, ही दोन्ही कामे व्हावयाची आहेत.